काडीच्या आधी पोचायचं: पाचट राखण्याच्या प्रयोगाच्या नोंदी, वाळवा तालुका, हंगाम 2024-25

18 सप्टेंबर 2024

कृष्णाकाठची दोन शेजारची गावं घेतली आहेत. ऊस तुटून गेल्यावर रानात जे पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पडतं ते पेटवायचं की राखायचं, एवढ्या एका निर्णयावर काम करायचं आहे.

एकरी तीन ते चार टन पाचट निघतं. त्यात कर्ब (कार्बन) 28 ते 32 टक्के, नत्र (नायट्रोजन) 0.42 ते 0.50 टक्के आणि पालाश (पोटॅश) एक टक्क्याच्या आसपास असतं. चार टन धरले तर एकरामागे साधारण बाराशे किलो कर्ब एका दुपारी धूर होऊन जातो. जमिनीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की तपासणीच्या पत्रिकेत 'कमी' असा शेरा येतो. ऊसपट्ट्यात पाणी आणि रासायनिक खतं भरपूर पडतात आणि परत काहीच जात नाही, त्यामुळे हा कर्ब आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो.

'पाचट जाळू नका' हे भिंतींवर लिहून झालं, मेळाव्यांत सांगून झालं. कुणालाही विचारा, फायदे तोच आपल्याला पाठ म्हणून दाखवतो. म्हणजे माहिती कमी पडलेली नाही. ऊसतोडीची टोळी फड सोडून गेली की पहिलं पाणी देईपर्यंत दोन ते पाच दिवस असतात आणि सगळा निर्णय त्याच दिवसांत होतो. पेटवायला एक काडी आणि एक मिनिट लागतं. राखायचं तर ज्यांतून पुन्हा ऊस (खोडवा) फुटतो त्या बुडख्यांवरचं पाचट बाजूला ओढायचं, ते सरीत दाबायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, वर खत आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे, मग पाणी सोडायचं. एकीकडे एक काम, दुसरीकडे पाच. ही पाच कामं त्या दोन-पाच दिवसांत बसतील इतकी सोपी करायची, बाकीचं सगळं त्यानंतर.

27 सप्टेंबर

दोन्ही गावांत बांधावर बसून कारणं लिहून घेतली. 'का जाळता' असं विचारलं की माणूस सावध होतो आणि मेळाव्यातलं उत्तर देतो. म्हणून प्रश्न बदलला: 'मागच्या वर्षी टोळी गेल्यावर दुसऱ्या दिवशी रानात कोण गेलं, आणि काय केलं?' मग खरं बोलणं सुरू झालं.

सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण पाण्याचं. 'दादा, पाचटातनं पाणी फुडं सरकत न्हाई. लाईट आठ तास, त्यात निम्मी सरीबी भिजत न्हाई.' ही तक्रार खरी आहे. पहिल्या पाळीला पाचट फुगलेलं असतं, पाणी अडतं आणि तुंबून वरंब्यावर चढतं. एकदा भिजून दबलं की पुढच्या पाळ्यांना तेवढा त्रास राहत नाही. पण माणूस पहिल्या पाळीतच वैतागतो. बाकीची कारणं: फूट दबते, उंदीर वाढतात, माणसं मिळत नाहीत, आणि शेजाऱ्यानं पेटवलं की आपलंही जातंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली. बऱ्याच रानांत काडी लावणारा माणूस सातबाऱ्यावर नाही. तो वाटेकरी आहे किंवा खंडानं करणारा आहे. मेळाव्याला मालक येतो, रानात वाटेकरी असतो. वाटेकऱ्याला पुढच्या वर्षी हेच रान मिळेल याची खात्री नसते, मग जमिनीच्या कर्बाचं त्यानं काय करायचं? त्याच्याशी बोलायचं तर याच हंगामातल्या फायद्याचं बोलावं लागेल: एक भांगलण (खुरपणी) वाचते आणि पाण्याची पाळी लांबते.

यादीत आता गट नंबरापुढे मालकाचं नाव नाही, 'काडी कुणाच्या हातात' असा रकाना आहे.

9 ऑक्टोबर

पिशवीची रचना ठरली. कृषी विद्यापीठाची शिफारस टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू अशी आहे. चार टनांच्या एकराला 32 किलो युरिया, 40 किलो सुपर आणि 4 किलो जिवाणू. इथले बरेच प्लॉट 20 गुंठ्यांचे आहेत, त्यांना बरोबर निम्मं: 16, 20 आणि 2 किलो. पाचट विरळ पडलं असेल, म्हणजे एकरी तीन टनांच्या आतबाहेर, तर 24, 30 आणि 3.

शेतकऱ्याला हिशोब करायला लावायचा नाही. पिशवीवर 'एक एकर' किंवा 'वीस गुंठे' एवढंच लिहायचं. आत जिवाणूचं पाकीट, खताच्या मापाची खूण केलेला डबा आणि एक कार्ड. युरिया आणि सुपर जड, ते पिशवीत मावत नाहीत. ते विकास सोसायटीच्या गोदामात गट नंबरानं बाजूला काढून ठेवायचं, पिशवीत त्याची चिठ्ठी. चिठ्ठी दाखवली की पोतं खांद्यावर.

जिवाणू फुकट आणि आधीच द्यायचे यावर चर्चा झाली. 'राखलं तर देऊ' असं काही जणांचं म्हणणं होतं. पंजाबात भाताचं काड जाळू नये म्हणून पैसे देण्याचा मोठा प्रयोग झाला. सगळे पैसे 'न जाळल्याचं पाहून मग' देऊ म्हटलं तिथं फरक पडला नाही. थोडी रक्कम आधी हातावर ठेवली तिथं जाळणं कमी झालं. नंतर मिळणाऱ्या पैशावर विश्वास बसत नाही, आणि काडाचा बंदोबस्त करायचा खर्च तर आधी येतो. आपल्याकडेही तसंच आहे. म्हणून पिशवी आधी, बिनशर्त.

कार्डावरचा क्रम जसाच्या तसा:

बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत घ्या, बुडख्यांना ऊन लागू द्या. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. छाटलेल्या बुडख्यांवर लिटरला 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम फवारा. पाचटावर आधी युरिया आणि सुपर विस्कटा. जिवाणू वेगळ्या पाटीत शेणखतात कालवून नंतर टाका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाणी द्या.

रासायनिक खत आणि जिवाणू एकाच पाटीत कालवले की जिवाणू मरतात. ही चूक फार होते, म्हणून ती ओळ लाल शाईत.

15 ऑक्टोबर

कार्डाच्या मागच्या बाजूला नुकसानीचा आकडा टाकायचा बेत होता. मिळणाऱ्या शंभर रुपयांपेक्षा हातातून गेलेले शंभर रुपये माणसाला जास्त लागतात, हे कानेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 साली मांडलं. त्यावरून मसुदा केला: 'काडी लावलीत, पोतं जाळलंत.'

हिशोब मांडल्यावर मसुदा बाद केला. चार टन पाचटात साधारण 18 किलो नत्र, म्हणजे 39 किलोच्या आसपास युरिया. 45 किलोच्या पोत्याची किंमत 266 रुपये 50 पैसे. शेतकरी हा आकडा वाचून म्हणणार, 'अडीचशे रुपयांसाठी दोन दिवस घालवू?' आणि त्याचं बरोबर असेल. अनुदानामुळे युरिया इतका स्वस्त आहे की नत्राचं नुकसान रुपयांत मांडलं की ते क्षुल्लक दिसतं. पालाशाचा हिशोब मांडणं तर खोटं ठरेल, कारण पालाश बराचसा राखेत उरतो. नुकसानीची भाषा चालते, पण नुकसान खरंच मोठं असेल तिथंच.

मागच्या बाजूला आता दोनच ओळी आहेत: 'पाचटाखाली तण उगवत नाही. पाचटाखाली ओल टिकते.' दोन्ही डोळ्यांनी पाहता येतं.

24 ऑक्टोबर

दूध डेअरीच्या भिंतीवर लावायच्या फळ्याचं काम. पहाटे आणि संध्याकाळी किटली घेऊन सगळं गाव इथं उभं असतं, याहून चांगली जागा नाही.

पहिल्या मसुद्यात होतं: 'आपल्या गावात दरवर्षी बहुतेक फड पेटवले जातात. हे थांबवूया.' वाचायला बरं वाटतं आणि नुकसान करतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या दगड बनलेल्या झाडांच्या राष्ट्रीय उद्यानात रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी पाट्यांचा प्रयोग केला होता. 'आजवर अनेकांनी इथले तुकडे उचलून नेले' अशी पाटी लावली तिथं चोरी वाढली. सगळेच करतात हे कळलं की ते करणं साधं वाटायला लागतं. आपल्या फळ्यानंही हेच सांगितलं असतं.

दुसरी अडचण: राखणारे अजून थोडे आहेत. 'बहुतेक शेतकरी राखतात' असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि गावात खोटं एका दिवसात उघडं पडतं. यावर तोड अशी की स्थिती न सांगता दिशा सांगायची. किती आहेत यापेक्षा वाढत आहेत हे सांगितलं तरी माणसं हलतात, असं 2017 साली मांसाहार कमी करण्यावरच्या प्रयोगांत दिसलं.

म्हणून फळ्यावर आकडेच नाहीत. गावाचा गट नकाशा मोठा करून लावायचा. पाचट राखलेल्या गटावर हिरवी टिकली. जळालेल्या गटावर काहीही नाही, काळा ठिपका तर मुळीच नाही. टिकल्या रोज वाढताना दिसतील, तोच मजकूर. टिकली लावण्याआधी संबंधित माणसाला विचारायचं, नको म्हणाला तर लावायची नाही.

खोडवा मोडणार असलेली रानं नकाशावर फिक्या रेघांनी वेगळी केली. तिथला शेतकरी नांगरटीसाठी रान मोकळं करतो, त्याची अडचण निराळी आणि उपायही निराळा: ट्रॅक्टरवरचं पाचट कुट्टी यंत्र. दोन्ही एकत्र मोजले तर कशाचाच अर्थ लागणार नाही. पहिल्या यादीत ही गल्लत होती, आता दुरुस्त केली.

12 नोव्हेंबर

तारखेची चिठ्ठी तयार झाली. 'पाचट राखणार का' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, त्या होकाराला वजन नसतं. गोलविट्झर यांच्या 1999 च्या लेखापासून हे बरंच तपासलं गेलं आहे की 'अमुक घडलं की मी तमुक करीन' असं आधी ठरवलं तर ठरवलेलं पार पडण्याची शक्यता वाढते.

चिठ्ठीवरचं वाक्य: 'शेवटची ट्रॉली रानातून निघाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ____ आणि ____ पाचट ओढायला येतील. पाणी ____ च्या लाईटला.' मोकळ्या जागा शेतकऱ्यानं स्वतः भरायच्या. लिहायचा कंटाळा असेल तर तो सांगेल तसं लिहायचं, पण नावं त्याच्या तोंडून यायला हवीत. दिवसाची लाईट की रात्रीची, हेही त्यातच ठरतं. रात्रीच्या लाईटला पाचटातून पाणी फिरवणं अवघड, पाणी कुठं तुंबलं ते दिसत नाही. पहिली पाळी दिवसाची लाईट असलेल्या आठवड्यात घ्यावी.

2 डिसेंबर

पहिली चूक, आणि मोठी. 27 नोव्हेंबरला तुटलेल्या प्लॉटांपैकी काहींना पिशवी पोचली तेव्हा रान काळं झालेलं होतं. वाटप तोडणीच्या कार्यक्रमावरून ठरवलं होतं. कार्यक्रम कागदावर असतो. प्रत्यक्षात टोळी कुठल्या रानात शिरेल ते वाफसा, मुकादम, ट्रॅक्टर आणि कारखान्याचा कोटा यावर ठरतं, आणि तेही आदल्या रात्री.

केनियाच्या पश्चिम भागात ड्युफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन यांनी खताबाबत जे दाखवलं (लेख 2011 चा) ते इथं नेमकं लागू पडतं. शेतकऱ्याची खत घ्यायची इच्छा असते, पण पेरणीपर्यंत पैसा आणि उत्साह दोन्ही सरतात. सुगी होताच, हातात पैसा असताना, घरपोच खताची सवलत दिली तेव्हा वापर वाढला. वस्तू तीच, बदलला तो क्षण. आमची वस्तू बरोबर होती, क्षण हुकला.

बदल असा: पिशवी आता तोडणीच्या कागदाशी नाही, पहिल्या ट्रॉलीशी बांधली आहे. रानात पहिली ट्रॉली भरायला लागली की स्लिपबॉयचा (तोडणीची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाचा) फोन येतो आणि त्याच दिवशी पिशवी बांधावर जाते. एकराचा फड तुटायला निदान एक-दोन दिवस लागतात, तेवढा वेळ पुरतो. पिशवी घरी द्यायची नाही. घरी दिलेली पिशवी माळ्यावर जाते. बांधावरच्या झाडाला टांगलेली रोज दिसते. मात्र सावलीला टांगायची, जिवाणूचं पाकीट उन्हात तापलं की उपयोग नाही.

वाडं (उसाचे हिरवे शेंडे) न्यायला बायका रानात येतात, जनावरं येतात. त्यांच्याही नजरेला पिशवी पडते आणि 'हे काय' असं विचारलं जातं. हे ठरवलं नव्हतं, पण फार चांगलं झालं.

16 डिसेंबर

नोव्हेंबरअखेर राखलेल्या प्लॉटांत एका ठिकाणी फूट पिवळी पडली आहे. शेजारचे दोघे येऊन पाहून गेले. हीच या कामातली सगळ्यात नाजूक जागा आहे, म्हणून सविस्तर.

पाचटात एक भाग नत्रामागे साठ-सत्तर भाग कर्ब असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःची वाढ करायला नत्र लागतं. ते पाचटात पुरत नाही, मग ते मातीतलं नत्र ओढून घेतात. काही आठवडे पिकाला नत्र कमी पडतं. पुढं जिवाणू मेले की ते नत्र परत सुटतं. टनामागे 8 किलो युरिया सांगतात तो यासाठी. या प्लॉटवर जिवाणू टाकले होते, युरियाची चिठ्ठी खिशातच राहिली होती.

वर्तनाच्या अंगानं पाहिलं तर तोटा तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांसमोर उभा राहतो आणि फायदा काही महिन्यांनी मातीच्या आत होतो. माणूस आधी दिसलेल्यावर शिकतो. एक पिवळा प्लॉट दहा मेळावे पुसून टाकतो. पुढच्या वर्षी हा माणूस काडी लावील आणि कारण सांगील, 'पाचटानं फूट पिवळी पडती'. त्याचं निरीक्षण बरोबर, कारण तेवढं चुकीचं.

उपाय सुरू केला. खताचा पहिला हप्ता पहारीनं दिला: बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल, दोन छिद्रांत 30 सेंटिमीटर अंतर. हा हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत जायला हवा होता. पाचटावर राहिलेला युरिया टाकून पाणी दिलं.

पिवळेपणा ओळखायची खूण कार्डावर वाढवली. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळी, वरची पानं पिवळी-पांढरी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी. चुनखडीच्या रानात खोडव्याला हा त्रास नेहमी होतो, पाचट असो वा नसो. तिथं युरिया टाकून काही होत नाही, अर्धा टक्का हिराकशीची (फेरस सल्फेटची) फवारणी लागते. ही दुसरी तक्रारसुद्धा पाचटाच्या नावावर चढते, म्हणून दोन्ही पानांचे फोटो डेअरीच्या भिंतीवर लावले.

नवा नियम: युरियाची चिठ्ठी बंद. पिशवी टांगायला जाणारा माणूसच युरिया आणि सुपर गाडीवर घेऊन जातो. आमच्या खेपा वाढल्या, पण एक पायरी गेली.

30 डिसेंबर

फायदा लवकर दिसावा म्हणून एक साधी गोष्ट सुरू केली. एका प्लॉटवर शेतकऱ्यानं पाण्याच्या भीतीनं एकाआड एक सरीत पाचट ठेवलं आहे आणि मोकळ्या सरीतून पाणी देतो. ही तडजोड आम्ही आनंदानं मान्य करतो. निम्मं राखलेलं रान पुरं जाळलेल्या रानापेक्षा कितीतरी चांगलं, आणि टिकली त्यालाही पुरीच मिळते.

पाणी दिल्यानंतरच्या अकराव्या दिवशी दोन्ही सऱ्यांत खुरप्यानं सहा इंच उकरलं. मोकळ्या सरीत वरची माती ढेकळून तडकलेली, आत मुठीत दाबली तर क्षणभर गोळा होतो आणि बोट लावताच फुटतो. शेजारच्या सरीत पाचट बाजूला केलं तर खालची काडी काळपट, ओली, हाताला थंड. माती चिकट. मुठीत दाबलेला गोळा कमरेइतक्या उंचीवरून सोडला तर जमिनीवर पडून चपटा झाला, फुटला नाही. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले होते. पाचटाच्या तळाशी पांढरी बुरशी धरलेली, दोन गांडुळं वर आली.

शेजारचा शेतकरी हे पाहत उभा होता. त्यानं स्वतः दुसरीकडे उकरलं, गोळा केला आणि आपल्या रानाकडे बघून म्हणाला, 'माजं पाणी परवाच दिलं पायजे, हेचं आजून चार दिस चालतंय.' हेच आम्हाला कार्डावर लिहायला जमलं नव्हतं. आता प्रत्येक मळ्यात पाणी दिल्यापासून दहाव्या-बाराव्या दिवशी ही मुठीची तपासणी ठेवायची. सांगणारा आमच्यातला नको, प्लॉटचाच माणूस हवा. मातीत हात त्यानं घालायचा.

काळजी एक: थंडीत पाचटाखालची माती गार राहते आणि फूट मंदावते. म्हणून बुडखे उघडे ठेवून ऊन मिळणं डिसेंबर-जानेवारीत सक्तीचं समजावं. बुडखे झाकलेले राहिले तर फूट विरळ होते आणि दोष परत पाचटाला लागतो.

14 जानेवारी 2025

संक्रांत. पाचट ओढायचं काम प्रत्यक्षात बायका करतात, आणि आतापर्यंतच्या सगळ्या बैठका पुरुषांच्या झाल्या. ही आमची चूक. बचत गटाच्या हळदीकुंकवात वाण म्हणून लांब दांड्याचा दाताळ द्यायचं गटानंच ठरवलं. वाकून हातानं पाचट ओढलं की पात्याची करवत मनगटं कापते, दाताळानं उभ्यानं काम होतं. सोबत कोपरापर्यंतचे हातमोजे. मजुरीच्या बोलीत 'पाचट ओढणं' हे काम स्वतंत्र धरावं, भांगलणीच्या हजेरीत फुकट घुसडू नये, असं गटातल्या वहिनींनी ठणकावून सांगितलं. बरोबर आहे. तारखेच्या चिठ्ठीवर मजुरीचा रकाना वाढवला.

27 जानेवारी

कालच्या ग्रामसभेत पाचट जाळणाऱ्याला पाचशे रुपये दंड करावा असा ठराव पुढे आला. मांडणाऱ्याची तळमळ खरी आहे, तरी आम्ही थांबायला सांगितलं.

इस्रायलमधल्या हैफात दहा पाळणाघरांचा अभ्यास झाला, लेख 2000 सालचा. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना सहा ठिकाणी दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. दंड काढून घेतल्यावरही ते कमी झाले नाहीत. आधी उशीर झाला की ओशाळं वाटायचं, दंड आल्यावर ती उशिराची किंमत झाली. पाचशे रुपये ही एका एकरातलं पाचट ओढायच्या मजुरीपेक्षा कमी रक्कम आहे. असा दंड म्हणजे जाळायचा स्वस्त परवाना होईल. शिवाय काडी कुणी लावली हे सिद्ध कोण करणार? भांडणं मात्र होतील.

त्याऐवजी सभेनं दोन गोष्टी मान्य केल्या. बांध पेटवायचा असेल तर शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगायचं. आणि बांधाकडेचा पट्टा मोकळा ठेवायचा. नियम गावानं स्वतः केलेला आणि शेजाऱ्यानं शेजाऱ्यावर लक्ष ठेवलेला, असा असला की टिकतो. सामाईक साधनांवर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जन्मभर हेच तपासलं, 2009 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

10 फेब्रुवारी

शेजारच्या रानातून आग आली आणि राखलेला एक प्लॉट गेला. दुपारी दोनची वेळ, वारं पश्चिमेचं, बांधावर वाळलेलं गवत. फूट होरपळली, बांधालगतची पाण्याची पाईप वितळली.

पट्टा ठेवला होता, पण चार फुटांचा. तो पुरत नाही. वाळलेलं पात उडून पलीकडे पडतं. आता दहा फूट: कडेच्या दोन सऱ्यांतलं पाचट आत ओढायचं आणि बांधावरचं गवत कापून घ्यायचं. पाणी पाजताना पहिल्यांदा कडेच्या सऱ्या भिजवायच्या. ठिबकच्या नळ्या रानात असलेले शेतकरी शेजाऱ्याला आपणहून थांबवतात, त्यांचं नुकसान ताबडतोब असतं. असे प्लॉट नकाशावर शोधून त्यांच्या शेजारच्यांकडे आधी जायचं.

ज्याचा प्लॉट गेला त्याच्या गटावरची टिकली काढायची का, असा प्रश्न आला. काढायची नाही. त्यानं राखलं होतं.

24 फेब्रुवारी

मोजणीबद्दल. उपग्रहाच्या आग दाखवणाऱ्या चित्रांत एक ठिपका 375 मीटरचा असतो. तासाभरात विझणारी वीस गुंठ्यांची आग त्यात बहुतेक निसटते. सेंटिनेल-2 ची चित्रं 10 मीटरची, दर पाच दिवसांनी. वीस गुंठ्यांना साधारण वीस चौकटी येतात. त्यात काळं रान दिसतं, पण पाणी दिलेलं काळं रान आणि जळालेलं रान ओळखताना गफलत होते. म्हणून दर सोमवारी पायी फेरी, प्रत्येक गटाचा एकाच कोपऱ्यातून फोटो, आणि तीनच शेरे: राखलं, अर्धं, जळालं.

पिशवी उशिरा पोचलेले प्लॉट आणि वेळेत पोचलेले प्लॉट यांची सरळ तुलना करायचा मोह होतो. करू नये. टोळी आधी मिळणाऱ्याची जमीन, पाणी, गावातलं वजन सगळंच वेगळं असतं. पुढच्या हंगामात मळ्यांच्या चिठ्ठ्या टाकून कुणाला आधी हे ठरवायचं, तेव्हाच तुलनेला अर्थ येईल.

आणखी एक गोष्ट कानावर आली. वर्षानुवर्षं पाचट राखणाऱ्या एका काकांनी फळा पाहून विचारलं, 'एवढेच? मग आमीच का राबायचं?' कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस इथं वीजवापराची तुलना घरोघरी कळवली (लेख 2007 चा), तेव्हा सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांचा वापर वाढला होता. सोबत हसरा चेहरा छापला तेव्हा ते थांबलं. आमच्या नकाशात जुन्या राखणाऱ्यांसाठी काहीच नव्हतं. आता त्यांच्या टिकलीभोवती सोनेरी कडं, आणि मुठीची तपासणी त्यांच्याच रानात आधी.

20 मार्च

बहुतेक फड तुटले. शिल्लक जिवाणूची पाकिटं वापरण्याच्या मुदतीनुसार वेगळी काढली. मुदत संपत आलेली शेणखताच्या खड्ड्यावर टाकायला दिली. डबे धुऊन परत घेतले, खूण पुसट झालेल्या डब्यांवर रंगानं नवी खूण केली.

नकाशा डेअरीत तसाच आहे. त्याखाली तुटल्याच्या तारखेनुसार पहारीच्या दुसऱ्या हप्त्याची यादी लावली. हप्ता तोडणीनंतर 135 दिवसांनी. 27 नोव्हेंबरला तुटलेल्या गटांची तारीख 11 एप्रिल येते. त्यांच्या चिठ्ठ्या 7 एप्रिलला बांधावर पोचवायच्या आहेत, आणि 16 डिसेंबरचा पिवळा प्लॉट यादीत पहिला.